नाव लावणे

“काळे नावाचं गाव कराड तालुक्यात कधी झालं गं?”

अण्णांनी हे इतक्या साधेपणानं विचारलं की मला आधी वाटलं, त्यांना खरंच माहिती हवी आहे. लॅपटॉपवर गावांची यादी उघडी ठेवून मी चहा आणायला उठले होते. तेवढ्यात ते माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि पडद्याला जवळजवळ नाक लावून वाचायला लागले.

“काळे नाही अण्णा, काले असेल ते.”

“मग काले लिही की. आणि हे खाली पन्हाळ्यात परत काळे. ते कळे. कोल्हापुरातनं गगनबावड्याला जाताना लागतं. काळे हे आडनाव झालं.”

त्याखाली ‘कोले’ होतं. कराड तालुक्यातलं कोळे. ते त्यांनी नुसतं बोटानं दाखवलं. मग एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘वडगाव बीके’. यावर ते काहीच बोलले नाहीत. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडं बघत राहिले.

बीके म्हणजे बुद्रुक. इंग्रजी कागदांत बुद्रुकचं आखूड रूप ‘बी’ आणि ‘के’ या दोन अक्षरांनी लिहितात आणि खुर्दचं ‘के’ आणि ‘एच’नं. बुद्रुक-खुर्द हे मूळचे फारसी शब्द, थोरलं आणि धाकटं. मराठीत ते इतके मुरले की एस.टी.च्या पाटीवर ‘बु.’ आणि ‘खु.’ पुरतं. पण माझ्याकडच्या यादीत सगळी नावं रोमन लिपीत होती, जनगणनेच्या कागदांत असतात तशी, आणि ती मी यंत्राकडून देवनागरीत करून घेतली होती. सातारा, सांगली, कोल्हापूर मिळून ६१२ गावं. आदल्या रात्री ही ६१२ नावं मी एका झटक्यात विकिडेटावर चढवली होती आणि समाधानानं झोपले होते.

अण्णा ३४ वर्षं तलाठी होते. त्यातली बरीचशी कराड आणि पाटण तालुक्यांत गेली. चूक पकडली जाण्यासाठी जगाच्या पाठीवर याहून वाईट माणूस मला मिळाला नसता.

*

विकिडेटा काय आहे हे मी त्यांना पूर्वी दोनदा सांगून पाहिलं होतं. पहिल्यांदा मी ‘संगणकाला वाचता येईल असा ज्ञानाचा साठा’ असं काहीतरी म्हणाले. ते ऐकून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तिसऱ्यांदा, त्या सकाळी, मी विकिपीडियापासून सुरुवात केली. विकिपीडियावर वाक्यं असतात. ‘अमुक गाव तमुक तालुक्यात आहे, लोकसंख्या इतकी.’ हेच वाक्य मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जर्मनमध्ये वेगवेगळं लिहिलेलं. आकडा बदलला की प्रत्येक ठिकाणी कुणीतरी जाऊन बदलायचा. विकिडेटावर वाक्यं नाहीत, रकाने आहेत. प्रत्येक वस्तूला, माणसाला, गावाला एक क्रमांक. विश्वाला क्यू १, पृथ्वीला क्यू २, माणूस या कल्पनेला क्यू ५. मुंबई क्यू ११५६, महाराष्ट्र क्यू ११९१, आपली मराठी भाषा क्यू १५७१. त्या क्रमांकाखाली रकाने: कुठं आहे, कधीपासून आहे, लोकसंख्या किती, ती कुठल्या सालची, हे कुणी सांगितलं. आणि नाव? नाव क्रमांकाच्या शेजारी, जितक्या भाषा तितकी.

“म्हणजे गट नंबर,” अण्णा म्हणाले.

“हो.”

“म्हणजे जगाचा सातबारा केलाय तुम्ही.”

मी इतकी वर्षं हे काम करते, मला ही उपमा सुचली नव्हती. मालक बदलतो, वाटण्या होतात, बापाच्या जागी लेकाचं नाव लागतं, पीक दरवर्षी वेगळं. गट नंबर मात्र जमिनीचा असतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. विकिडेटावर यातल्या एकाही शहराचा क्रमांक हलला नाही. जुनं अधिकृत नाव ‘अमुक तारखेपर्यंत’ आणि नवं ‘अमुक तारखेपासून’ असं नोंदायची सोय आहे, त्यामुळे १९९० सालच्या पुस्तकातलं औरंगाबाद आणि आजच्या बातमीतलं संभाजीनगर एकच, हे यंत्रालाही कळतं.

“फेरफार कुठं दिसतो?”

मी ‘इतिहास पहा’ उघडून दाखवलं. कुणी, कधी, कुठल्या रकान्यात काय होतं ते काढून काय घातलं, सगळं सेकंदासकट. अण्णांचा चेहरा उजळला. गाव नमुना ६, फेरफार नोंदवही. जन्मभर ज्या वहीसाठी माणसं त्यांच्या दारात बसून राहिली, ती इथं कुणालाही, कधीही, फुकट बघता येत होती.

“आणि मंजूर कोण करतं?”

“कुणी नाही.”

“मंडल अधिकारी?”

“नसतो.”

“हरकतीची मुदत?”

“आधी नोंद लागते अण्णा. हरकत मग ज्याला दिसेल तो घेतो.”

“हे काही खरं नाही,” अण्णा म्हणाले आणि चहाचा कप घेऊन ओसरीवर गेले.

*

ते खरं आहे की नाही, यावर मी पुढं बराच विचार केला. माझ्या ६१२ नावांवर कुणीही हरकत घेतली नव्हती. दिसली असती तर घेतली असती. पण काले आणि कळे यांतला फरक कळणारा माणूस त्या रात्री जागा असायला हवा होता.

विकिडेटा २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाला. त्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना विकिपीडियावरच्या लेखाच्या तळाशी असलेलं ते भेंडोळं आठवत असेल. पुण्यावरच्या मराठी लेखात शेवटी इंग्रजी लेखाचा दुवा, मग जर्मन, मग तमिळ, मग जपानी, अशा ओळीच्या ओळी. जर्मन लेखातही तशाच. एका भाषेनं लेखाचं नाव बदललं की बाकीच्या सगळ्या भाषांतले दुवे तुटायचे आणि ते सांधत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप काम करणारे प्रोग्रॅम, रात्रंदिवस घिरट्या घालायचे. २०१३च्या जानेवारीत हंगेरियन विकिपीडियानं सगळ्यांत आधी हे दुवे आपल्या लेखांतून काढून विकिडेटावर ठेवायला सुरुवात केली आणि मार्चपर्यंत बाकीच्याही आल्या. आज लेखाच्या कडेला ‘इतर भाषांत’ म्हणून जी यादी दिसते ती तिथून येते. आता तिथल्या नोंदी ११ कोटींच्या वर गेल्यात. सुरुवात मात्र इतक्या घरगुती कामापासून झाली, तुटलेले दुवे सांधण्यापासून.

मराठी विकिपीडिया १ मे २००३चा, म्हणजे चांगला वयात आलेला. तिथली भाषा मला आवडते. चर्चेच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात, सराव करायच्या जागेला ‘धूळपाटी’, आणि लेखाच्या उजवीकडच्या त्या चौकोनाला ‘माहितीचौकट’. काम करणारे मोजके. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं. प्रत्येकाची लोकसंख्या हातानं लिहायची तर आयुष्यं जातील, आणि लिहून होईपर्यंत पुढची जनगणना येईल. खरं तर २०२१ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०११चे आकडे अजून चालतायत. नवे येतील तेव्हा काय होईल? ज्या लेखात आकडा वाक्यात लिहिलाय तो तसाच शिळा पडून राहील. ज्या लेखाची माहितीचौकट विकिडेटावरून आकडा घेते, तिथं तो एका जागी बदलला की झालं.

ठाण्याचं उदाहरण देते, कारण त्यात मी स्वतः फसले होते. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८. देशातला तेव्हाचा सगळ्यांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ला त्यातून पालघर जिल्हा निघाला. वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड आणि पालघर हे आठ तालुके तिकडं गेले आणि त्यांच्याबरोबर २९,९०,११६ माणसंही. उरलेल्या ठाण्यात ८०,७०,०३२. मी एका लेखात ‘ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख (२०११)’ असं लिहिलं होतं. आकडा बरोबर, साल बरोबर, स्रोतही दिलेला, आणि तरी वाक्य खोटं. कारण नकाशा २०१४नंतरचा आणि माणसं २०११ची. वाक्यात ही गोष्ट सहज लपते. रकान्यात लपत नाही, कारण रकाना आकड्याशेजारी तारीख मागतो आणि गावाशेजारी ‘या जिल्ह्यात कधीपासून’ हेही मागतो. मोखाड्यातलं एखादं गाव आज पालघरमध्ये आहे आणि ३१ जुलै २०१४पर्यंत ठाण्यात होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या म्हणून तिथं राहू शकतात.

रकान्यांची मला पूर्वी चीड होती. लिहिणाऱ्या माणसाला असतेच. हॉटेलात आल्यावर ताटाऐवजी किराण्याची यादी हातात दिल्यासारखं वाटतं. पण रकाने काही सातासमुद्रापलीकडून आपल्याकडं आलेले नाहीत. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८पासून संस्कृत कोशाचं काम चाललंय. तिथं जवळपास एक कोटी चिठ्ठ्या आहेत, एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द, तो कुठल्या ग्रंथात कुठं आला ते. वाईला विश्वकोश झाला, त्याआधी केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्या खोल्यांतून कुणी ना कुणी आधी टाचणं केली असतील, रकाने आखले असतील, मगच कुणीतरी पल्लेदार वाक्यं लिहिली असतील.

*

रकान्यांनी मला दिलेला सगळ्यांत मोठा आनंद देवराष्ट्र्याचा.

विकिडेटाला प्रश्न विचारता येतो. म्हणजे शब्द शोधायचा नाही, प्रश्नच विचारायचा: ज्यांच्या ‘जन्मस्थळ’ या रकान्यात अमुक गाव आहे अशी माणसं दाखव. आमच्याकडं देवराष्ट्रे म्हटलं की यशवंतराव. १२ मार्च १९१३चा त्यांचा जन्म, आजोळी, सागरेश्वरच्या डोंगरालगत. नंतरचे यशवंतराव कराडचे, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधीही कराडलाच. अण्णांच्या पिढीला हे पाठ. तर मी सहज तो प्रश्न टाकला आणि यशवंतरावांच्या जोडीला दुसरं नाव आलं: रमाबाई रानडे.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई. मला त्या जन्मल्यापासून पुण्याच्याच वाटत आल्या होत्या. पण त्या माहेरच्या कुर्लेकर आणि जन्म देवराष्ट्र्याचा. पन्नासएक वर्षांच्या अंतरानं, एका लहानशा गावात, एकीकडं बायकांना शिकवायला पुढं झालेली बाई आणि दुसरीकडं महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री. ही माहिती गुप्त नव्हती. दोघांच्या चरित्रांत ती आपापल्या पानावर होतीच. फक्त दोन पानं कधी एकमेकांसमोर आली नव्हती. अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मी त्या गावावरनं पन्नासदा गेलोय.”

आणि लगेच तलाठी जागा झाला: “जिल्हा काय लिहिलायस? सातारा का सांगली?”

प्रश्न रास्त होता. यशवंतराव जन्मले तेव्हा देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात. १९४९ला दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला, १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं. आज गाव सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. म्हणून ‘सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या व्यक्ती’ अशी यादी केली तर यशवंतराव त्यात येतात का? याचं उत्तर माणसाच्या नोंदीत ठेवायचंच नाही. माणसाकडं फक्त गाव. जिल्हा गावाच्या नोंदीत, तारखांसकट. मग ज्याला १९१३चा जिल्हा हवा त्याला तो मिळतो आणि आजचा हवा त्याला आजचा. हे ऐकून अण्णा प्रथमच म्हणाले, “डोकं लावलंय हं कुणीतरी.”

रमाबाईंचं माहेरचं नाव यमुना. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात दुसरी यमुना आली. कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली, नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई जोशी झालेली, १८८६ला फिलाडेल्फियात डॉक्टर झालेली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेलेली. दोन यमुना, दोघींची नावं सासरी बदलली. आपल्याकडं बाईचं नुसतं आडनावच नाही, पाळण्यातलं नावसुद्धा बदलायचे. मग जुन्या कागदांत ती सापडणार कशी? आनंदीबाईंच्या रक्षेवरचा दगड न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला आहे, त्यावर जोशी हे आडनाव शेवटी दोन ‘ई’ घालून लिहिलंय. जोशी, गोपाळ, यमुना, ते दोन ‘ई’वालं, ही सगळी एकाच बाईची नावं, हे यंत्राला सांगणारी जागा म्हणजे तो क्रमांक. आणि रमाबाई तर किती! रानडे, पंडिता, आंबेडकर, माधवराव पेशव्यांच्या. ‘रमाबाईंनी असं म्हटलं’ एवढंच वाक्य असेल तर माणूस संदर्भानं ओळखतो, यंत्र चौघींची एक रमाबाई करून टाकतं.

बायका मोजता आल्या त्याही रकान्यांमुळंच. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत दहा वर्षांपूर्वी बायकांची चरित्रं १५ टक्क्यांच्या आसपास होती. आकडा समोर आला तेव्हा २०१५मध्ये ‘विमेन इन रेड’ नावाची मोहीम निघाली. ज्या बायकांवर लेख नाही त्यांचे दुवे लाल दिसतात, ते निळे करायचे. लेख नसलेल्यांच्या याद्या विकिडेटावरून निघतात. आता ते प्रमाण वीस टक्क्यांच्या जवळ आलंय. थोडंच आहे, पण मोजलं नसतं तर तेवढंही झालं नसतं.

*

सगळंच गोड आहे असं नाही. शिवजयंतीचं घ्या.

शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जेधे शकावलीतली ही नोंद आणि शासनानं मान्य केलेली तारीख. दुसरं मत शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७. यावर आपल्याकडं किती शाई आणि किती आवाज खर्च झालाय ते सांगायला नको. वाक्य लिहायचं तर लेखावर रोज मारामारी: एकानं बदलायचं, दुसऱ्यानं उलटवायचं. विकिडेटा इथं वेगळंच वागतो. तो म्हणतो, दोन्ही लिहा. प्रत्येकाखाली स्रोत द्या. ज्याला बहुतेक अभ्यासक मानतात त्याला ‘पसंतीचा’ असा दर्जा द्या, दुसऱ्याला साधा राहू द्या. मतभेद हीच माहिती. मला हे फार सुसंस्कृत वाटतं.

पण तारीख भरायला जाल तेव्हा गंमत होते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या म्हणजे ज्युलियन पंचांगाची. नव्या ग्रेगोरियन पद्धतीनं तोच दिवस १ मार्च १६३०. विकिडेटाचा रकाना १५८२च्या पुढची तारीख दिसली की ती ग्रेगोरियनच धरून चालतो. त्याच्या युरोपात काही देशांनी १५८२ला पंचांग बदललं म्हणून. म्हणजे तुम्ही बरोबर तारीख टाकलीत आणि खालचा पर्याय बघितला नाहीत, तर महाराजांचा जन्म गुपचूप दहा दिवस मागं सरकतो. आणि शके? फाल्गुन वद्य तृतीया? त्यासाठी तारखेच्या रकान्यात जागाच नाही. तिथं दोनच पंचांगं आहेत. मूळ कागदात जी तिथी आहे ती घालायला जागा नाही आणि आपण केलेलं रूपांतर मूळ म्हणून नोंदायचं, हे मला अजून पचत नाही. चौकटी आखणाऱ्यानं आपल्या अंगणातल्या वस्तूंची मापं घेतली, की शेजाऱ्याचं ताट त्यात आडवं बसतं.

भाषेचं त्याहून अवघड. या सगळ्या रकान्यांवरून यंत्रानं आपोआप लेख लिहावेत अशी एक मोठी कल्पना आहे. विकिडेटाच्या जनकांपैकी डेनी व्रांडेचिच यांनी ती मांडली आणि २०२०मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं मंजूर केली. मजकूर एकदा भाषेविना लिहायचा, मग प्रत्येक भाषेच्या व्याकरणातून तो बाहेर काढायचा. मराठीसारख्या भाषेला हे स्वप्नच वाटावं. बॉटनं ढिगानं लेख करण्याचा जुना मार्ग सिबुआनो या फिलिपिन्समधल्या भाषेच्या विकिपीडियानं दाखवलाच आहे. लेखसंख्येत इंग्रजीच्या खालोखाल ती, आणि त्यातले बहुतेक लेख एका स्वीडिश माणसाच्या बॉटनं लिहिलेले. वाचणारे किती, तो वेगळा प्रश्न.

तर मराठीत असं वाक्य करून पाहा: ‘यांचा जन्म … झाला.’ रिकाम्या जागी गाव. पुणे असेल तर पुण्यात. सातारा, साताऱ्यात. नाशिक, नाशकात. वाई, वाईत. गोवा, गोव्यात. कराड? आमच्याकडं ‘कराडात’ म्हणतात, पुण्याचे लोक ‘कराडमध्ये’ म्हणतात. देवराष्ट्रे? मी वर ‘देवराष्ट्र्यात’ म्हणायचं टाळून ‘देवराष्ट्र्याचा’ म्हटलं, तेही दोनदा विचार करून. यंत्राला हे जमत नाही, म्हणून साच्यातून काढलेल्या लेखांनी एक कुबडी शोधली: येथे. ‘पुणे येथे’, ‘सातारा येथे’, ‘वाई येथे’. मराठी विकिपीडिया वाचताना कोनशिलेवरचा मजकूर वाचल्यासारखं वाटतं ते या ‘येथे’मुळं. मीही शेकडो ‘येथे’ लिहिलेत. ठेच लागू नये म्हणून चप्पल घालावी तसं.

उलट दिशेनंही फसगत. कराड तालुक्यात पाल नावाचं गाव आहे, खंडोबाचं. यात्रेला जाणारा कुणीही ‘पालीचा खंडोबा’ म्हणतो. आणि रायगडातल्या पालीचा बल्लाळेश्वर? तोही ‘पालीचा गणपती’. पाल आणि पाली दोन्हींचं ‘पालीचा’ होतं. मजकूर वाचून रकाने भरणारं यंत्र खंडोबाला उचलून अष्टविनायकांच्या शेजारी नेऊन बसवायला किती वेळ लावेल?

आणि मग ‘तो’ की ‘ते’. लिंगाचा रकाना आहे, तो बघून यंत्र ‘जन्मला’ किंवा ‘जन्मली’ करेल. नावाच्या स्त्रीरूपासाठीसुद्धा वेगळा रकाना आहे, त्यामुळं लेखक-लेखिका, शिक्षक-शिक्षिका जमतं. पण आदराचा रकाना कुठाय? यशवंतराव ‘जन्मले’, अफझलखान ‘आला’. एखादा क्रिकेटपटू खेळत होता तोवर ‘तो’, निवृत्त होऊन समालोचन करायला लागला की ‘ते’. तुकोबांना तर आपण एकेरीतच हाक मारतो, आणि त्यात आदर कमी असतो असं कोण म्हणेल? हे कुठल्या क्रमांकाखाली नोंदायचं?

अण्णांना मी हे विचारलं. ते म्हणाले, “सातबाऱ्यावर सगळे एकेरीच असतात. इनामदारसुद्धा.”

*

एक गोष्ट मात्र मला खरोखर टोचते. रकान्यातल्या पुष्कळ विधानांखाली ‘स्रोत’ म्हणून लिहिलेलं असतं: अमक्या भाषेच्या विकिपीडियावरून घेतलं. आणि त्या विकिपीडियावरची माहितीचौकट तीच माहिती विकिडेटावरून घेऊन दाखवत असते. अण्णांनी ऐकलं आणि हसले. “म्हणजे आपणच वारसदार, आपणच साक्षीदार.” त्यात विकिडेटावरची माहिती कुणीही, कशासाठीही, न विचारता उचलू शकतो, परवानाच तसा आहे. म्हणून मी चढवलेलं ‘काळे, ता. कराड’ मी दुरुस्त केलं तरी ज्यानं ते आधीच भरून नेलं त्याच्या हंड्यात काळेच राहणार. नळ बंद केला म्हणून हंडा रिकामा होत नाही.

म्हणून त्या रविवारी ६१२ नावांची यादी मी छापून काढली. पडद्यावर वाचून डोळे दुखतात असं अण्णांचं म्हणणं. ओसरीवर सतरंजी, तांबड्या शाईचं पेन, माझ्या मांडीवर लॅपटॉप. ते नाव उच्चारायचे, मी टाइप करायचे. प्रत्येक नावाशेजारी जनगणनेचा सहा आकडी क्रमांक होता, तोही त्यांनी ताडून बघायला सुरुवात केली. मी नको म्हटलं तर म्हणाले, नाव चुकलं तर एक वेळ चालेल, नंबर चुकला तर दुसऱ्याच्या रानात नांगर जाईल. कराडच्या नोंदीत ‘हेही म्हणतात’ असा रकाना आहे, त्यात त्यांनी ‘कऱ्हाड’ घालायला लावलं. बीकेचं बुद्रुक झालं. केएचचं खुर्द झालं. ळ जिथल्या तिथं परत आले. दोन तासांत ९४ ओळी झाल्या. यंत्रानं सगळ्या मिळून चार मिनिटांत केल्या होत्या.

पंचाण्णवाव्या ओळीवर ते अडले. पाटण तालुक्याच्या वरच्या अंगाचं एक गाव. ल का ळ?

“तुम्हाला माहीत नाही?”

“माझ्या सजात नव्हतं ते.” हे त्यांनी जरा नाराजीनंच कबूल केलं. मग फोन मागवला. त्या बाजूचा एक जुना कोतवाल त्यांच्या ओळखीचा होता. फोन लागला. अर्धा तास बोलणं झालं: गुडघे, ऊस, कारखान्याचा दर, कुणाच्या तरी मुलीचं लग्न, वरच्या पांदीला झालेला रस्ता. अण्णांनी समाधानानं फोन ठेवला.

“काय म्हणाले? ल का ळ?”

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी फोन पुन्हा उचलला.